बेगमेचा पडदा

गावाबाहेरच्या माळावर सुलतानाची कबर आहे. वर छप्पर नाही, भोवती भिंत नाही. शेळ्या येतात, वारा येतो, आम्हीही थेट जवळ गेलो. शेजारी त्याच्या बेगमेचा छोटा घुमट आहे आणि त्याच्या दाराला जाड हिरवा पडदा. तिथं राखणदार म्हातारीनं माझ्या नवऱ्याला हातानंच अडवलं.

"साहेब, तुम्ही भायेरच थांबा. आत फक्त बायामाणसं जात्यात. बेगमसाहेब गोषात हाईत."

हे हसले. "अहो मावशी, त्यांना जाऊन शेकडो वर्षं झाली!"

"झाली आसतील. पर गोषा कुनी सोडवला न्हाई."

मी आत गेले आणि मागे पडदा पडला. आत कोंदट उकाडा होता. दगडी जाळीतून आभाळाचे बोटाएवढे तुकडे दिसत होते. महालातून मेण्यात, मेण्यातून महालात. मातीत उतरवतानाही भोवती चादर धरली असेल. राजे मेल्यावर तरी उघड्यावर येतात. हिच्यासाठी मरणसुद्धा आणखी एक आतली खोली ठरलं. एक खार जाळीतून आली, कबरीवरून पळाली आणि पलीकडून निघून गेली. मला तिचा चक्क हेवा वाटला.

"चल गं, किती वेळ?" बाहेरून ह्यांचा आवाज आला.

जाळीतून ते उन्हात उभे दिसले. "आले," मी म्हटलं, पण इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं. मग लक्षात आलं, डोक्यावर पदर होता. घ्यायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.