सोमवारची टीम

भरतदादा सोमवारी गेलाच नसता. सोमवारी त्याला मरायला वेळ नव्हता.

बुधवारी गेला. पहाटे करंज्याच्या जेट्टीवर पिकअपमध्ये बर्फ भरत होता. छातीला हात लावून खाली बसला. संपलं.

आज वर्ष झालं. तिथीने नेमका सोमवार आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. दादा आणि वहिनी पनवेलच्या बाजारात मासळी विकायचे. दादा करंज्याहून माल आणणार, वहिनी पाटीवर बसणार.
आणि दादा विकेटकीपर. टेनिस बॉल क्रिकेट.

मासळीवाल्याचा सगळ्यात मोठा धंदा रविवारी. गावागावातल्या टुर्नामेंट पण रविवारीच.
आता बोला.

दादा रविवारी सकाळी माल उतरवायचा, पिकअप धुवायचा आणि त्याच पिकअपमध्ये टीम भरून कधी गव्हाण, कधी उरण. धुतली तरी वास राहायचाच. समोरची टीम ओरडायची, "बोंबील आले रे!"
दादा म्हणायचा, "आले ना? मंग पानी सुटलं का तोंडाला?"

एन्ट्री फी त्याची, डिझेल त्याचं, बॉल त्याचे. बर्फाच्या पेटीचं झाकण तुटलेलं, दोरीने बांधलेलं. पण कीपिंगचे ग्लोव्हज एकदम नवे.
वहिनी ते बघून बोलली होती, "हेच घालून सुरमई कापा आता."

मग एका रविवारी तिने पाटी उचलली आणि सरळ घरी नेली. भर बाजारात, गिऱ्हाईक उभं असताना.
"मी एकटी नाय बसनार. क्रिकेट पायजे तर क्रिकेटसंगंच ऱ्हावा."

दादा घाबरला. पण डोकं लावलं त्याने.

सोमवारी लोक मासे खात नाहीत. सलून बंद. चिकनला गिऱ्हाईक नाही. म्हणजे सोमवारी मोकळी माणसं आहेत, फक्त त्यांना कोणी टीममध्ये घेत नाही.
झाली आमची सोमवारची टीम. मासळीवाले, सलूनवाले, चिकनवाले अस्लमभाई, आणि मी.

मी यातला कोणीच नाही. तेव्हा एका गोडाऊनमध्ये होतो, वीकली ऑफ सोमवार. त्याआधी गोव्याला. त्याआधी एका केबलवाल्याकडे, तिथे खांबावर चढल्यावर मला कळलं की मला उंचीची भीती वाटते. ती वेगळी स्टोरी आहे, खाली कसा उतरलो ते अजून नीट आठवत नाही.
असो. शाळा सुटल्यापासून मी कुठेच टिकलो नाही.
सोमवार टिकला.
एक चांगली नोकरी मिळत होती, तिथे सुट्टी मंगळवारी होती. घेतली नाही.

अडचण एकच. सोमवारी खेळायला समोर टीमच नसायची, सगळं जग कामावर. मग आम्ही आपसातच वाटून घ्यायचो. मासळी विरुद्ध कैची. अस्लमभाई दोन्हीकडून बोलिंग टाकायचे.
"भाई, तुमी नक्की कोनाच्या साईडला?"
"जो जीतेगा उसके, भरतभाई."

ट्रॉफी नाही. माईकवर नाव नाही. पब्लिक म्हणजे एक कुत्रा, तो पण बॉल घेऊन पळायचा.
दादा सगळ्यांना सांगायचा, "बायकोसाठी रविवार सोडला मी."
आम्हाला ते लय मोठं वाटायचं. होतंच मोठं.

तो गेला आणि टीम विरत गेली. सलूनवाले आता सोमवारी पण उघडतात, नाहीतर गिऱ्हाईक मॉलमध्ये जातं. अस्लमभाईंचे गुडघे गेले. मासळीवाले फोन उचलतात, "बघू" म्हणतात.

मी जातो.
एकट्याने बोलिंग टाकायची म्हणजे बॉल टाकायचा आणि चालत जाऊन आपणच आणायचा. चालण्यातच सकाळ जाते.

आज दुपारी वर्षश्राद्धाला गेलो. सोमवार असूनही वहिनीने दादाच्या पानावर भरलेले बोंबील वाढले होते.
जेवणं झाली. माणसं गेली. मी उगाच बसून राहिलो.
काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "वहिनी, दादाने तुमच्यासाठी रविवार सोडला. असं कोण करतं?"

ती भांडी घासत होती. थांबली.
"रविवार घेऊन मी काय करू रे पक्या? रविवारी मी बाजारातच असते. आमचा दोगांचा मोकळा दिवस एकच. सोमवार. तोच त्यांनी तुमाला दिला."

तिने हातातलं पातेलं उपडं घातलं.

"माजी बहीण रेवसला दिलीय. करंज्याच्या जेट्टीवरून समोर दिसतं गाव. बोटीत बसलं की पोचलं. हे रोज तितंच जायचे. लगीन झाल्यापासून मी बोलत होते, एका सोमवारी मला न्या. म्हनायचे, पुढच्या सोमवारी."

"मग भांडला का नाहीत? रविवारसाठी पाटी उचललीत ना?"

"तो धंदा होता. धंद्यासाठी भांडता येतं." परत भांड्याला हात घातला. "घरी यायचे ते मातीनं भरलेले, आनि हसत. त्या तोंडाला काय बोलू? तुमी पोरं वाईट नाय. दिवसच एक होता."

दादा, खरं सांगतो, तुला पण हे माहीत नव्हतं. तुला वाटत होतं तू हिशोब मिटवलास.

निघताना चपला घालता घालता मी विचारलं, "वहिनी, पुढच्या सोमवारी जाऊया रेवसला? मी नेतो."
"तुजी मॅच?"
"कोणी येत नाही, वहिनी."
तिने माझ्याकडे बघितलं. पुढच्या सोमवारी, हे तिने किती वेळा ऐकलं असेल.
"बग," म्हणाली. "आलास तर आलास."

आत्ता टीमच्या ग्रुपवर टाकलं, पुढच्या सोमवारी मॅच नाही.
सगळ्यांनी वाचलंय. का, असं कोणी विचारलं नाही.

भरतदादा, तुला मनापासून श्रद्धांजली.
सोमवारी आम्ही बोटीत असू.