मागच्या रांगेतल्या बायका

आमच्या भजनी मंडळातले किस्से हॉलबाहेरच्या चपलांसारखे आहेत. दर गुरुवारी वाढतात, आणि घरी जाताना कुणाचा कुणाच्या पायात गेला ते कळत नाही. म्हणून लिहून ठेवतेय. निदान माझे तरी माझ्याकडे राहू देत!

मी मंडळात आले कशी? बी.कॉम. झाल्यावर नोकरी शोधत घरी बसले होते. एका दुपारी बेल वाजली, मी दचकले (मी बेललाही दचकते!), दारात शैलामावशी. नात्यानं मावशी नाहीत; सगळ्या कॉलनीच्या मावशी आणि मंडळाच्या अध्यक्ष.

"तुला पेटी येते ना गं?"

"पेटी नाही मावशी, कीबोर्ड."

"तेच ते. भात्याऐवजी वायर!"

*

पहिल्याच गुरुवारी मी कीबोर्डचं ड्युअल बटण दाबून दाखवलं. पट्टी एकच, आवाज दोन: बासरी आणि व्हायोलिन.

"दोघं एकदम? आणि भांडत नाहीत?" ढोलकीवाल्या विमलकाकूंनी विचारलं.

"नाही काकू."

"मग आमच्या घरी लावून दे!"

मला चेव आला. मी स्प्लिटही दाखवलं. म्हणजे कीबोर्डचे दोन भाग: उजव्या हाताला ते दोन आवाज, डाव्या हाताला तिसराच.

काकू म्हणाल्या, "म्हणजे दोघी वरच्या मजल्यावर आणि एक खाली. आमच्या चुलत सासऱ्यांचं घर!"

*

कॉलनीतल्या एका आजोबांच्या तेराव्याला भजन होतं. मी शेवटचा सूर लांबवत होते, तेवढ्यात कुणाचा तरी मोबाईल खणाणला. मी दचकले, भलतंच बटण दाबलं गेलं आणि डाव्या हाताखाली साउंड इफेक्ट्स आले. भजन संपलं, घर शांत, आणि स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट!

मला वाटलं, फरशी फाटावी आणि मी आत जावं.

आजी डोळे पुसत म्हणाल्या, "असू दे गं. जन्मभर हौशी नाटकात कामं केली त्यांनी. एवढ्या टाळ्या आजच पडल्या."

*

मग कॉलनीचे चेअरमन मध्ये आले. गुरुवारचा हॉल त्यांना झुंबा क्लासला द्यायचा होता.

"मावशी, पाच-सहा जणींसाठी हॉल अडवणं बरं दिसतं का? त्या तीस जणी आहेत."

"उड्या मारतात म्हणून तीस दिसतात!"

चेअरमन हसले, पण हटले नाहीत. शेवटी म्हणाले, "घोटीला भजन स्पर्धा आहे. तिथून बक्षीस आणा, उत्तेजनार्थ का होईना. गुरुवार कायमचा तुमचा. नाही आणलंत, तर झुंबा."

मावशी "आणते!" म्हणून मोकळ्या झाल्या. जेवण माझं जाईना.

*

आणि नेमक्या विमलकाकू लेकीच्या बाळंतपणाला नांदगावला गेल्या! ढोलकी गेली, मंडळातला एकमेव खणखणीत गळाही गेला. प्रॅक्टिसला आमच्यापेक्षा पंखा जास्त ऐकू यायचा.

मी घाबरत घाबरत पेटीच्या आवाजावर क्वायर चढवला. म्हणजे पट्टी दाबली की पेटीबरोबर बायकांचा अख्खा घोळका 'आऽऽ' करतो.

आमच्या शेवाळेआजींना कमी ऐकू येतं. त्या गाता गाता थांबल्या आणि दाराकडे वळल्या.

"कोण कोण आल्या गं? चहा वाढवा!"

शैलामावशींनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजिबात आवडलं नाही.

"मावशी, हे चीटिंग आहे!"

"रेकॉर्डिंग लावायचं नाही, एवढाच नियम आहे. हे तू हातानं वाजवतेस ना? मग वाद्य!"

*

घोटीत आमचा नंबर शेवटचा. स्टेजवर पुढे चौघी. मागे पडद्याजवळ मी, कीबोर्ड आणि स्पीकर. परीक्षक पेठ तालुक्याकडचे एक म्हातारे बुवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा.

दोन कडवी बरी गेली. तिसऱ्याला शेवाळेआजी शब्द विसरल्या. त्यांच्या तोंडाकडे बघून बाकीच्याही विसरल्या. चौघी गप्प! माझे हात भीतीनं पट्ट्यांवरच गोठले. त्यामुळे मावशींना शब्द सापडेपर्यंत मागून नुसतं 'आऽऽऽ' चालू राहिलं.

आम्ही स्टेजवरच होतो, तोवर निकाल सुरू झाला. पहिलं गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. मावशी टाळांची दोरी बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

बुवांनी माईक जवळ ओढला.

"उत्तेजनार्थ, ह्या शेवटच्या नाशिकच्या बायका. पुढच्या लय घाई करत्यात, शब्द बी इसरत्यात. पण मागच्या रांगेतल्या बायका! काय दम हाय! एकदा बी श्वास तुटला नाय. त्यांनी जरा उभं ऱ्हावा. मला हात जोडायचेत."

मंडपात टाळ्या सुरू झाल्या. माना उंच करून सगळे मागची रांग शोधायला लागले.

"ऊठ!" मावशी दातांतून म्हणाल्या.

मी दचकून उठले आणि माझं कोपर पट्ट्यांवर पडलं.

"आऽऽऽऽ!"

बुवांनी हात जोडून मान लववली.

"बसा माउलींनो, बसा. दमल्या असाल."