चार टाक्यांची लाज

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला भाच्याच्या लग्नात होतो. अक्षता पडल्या तसा अंगावरच्या कपड्यांनिशी लातूरची गाडी धरली. त्यांच्या दारात खुर्च्या टाकून बसलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "एवढंसं तर आपरेशन होतं, दुर्बिणीचं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महिना झाला, राग अजून उतरलेला नाही.

तीस वर्षांची आमची दोस्ती. मी मास्तर, ते शिंपी... कापड दोनदा मोजल्याशिवाय कात्री न लावणारे. त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोटाला चार लहान छिद्रं पाडली, त्यातलं एक बोटभर वाढवून गाठ काढली. पण आत वीतभर आतडं कापून टोकं जोडली होती. घरी सोडताना त्यांनी बजावलं होतं, ताप आला, पोट फुगलं तर तडक या, आतला जोड सुटू शकतो.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस टाके बघायला येतो. रशीदभाई बनियन वर करायचे आणि पाहुण्यांचा हिरमोड व्हायचा. "हे काय चिमटाभर? आमच्या भावाला उभा चिरला होता, तरी आठव्या दिवशी रानात गेला." या शहाण्यांना आतलं काय दिसणार होतं? आणि मी तरी कुठला शहाणा! मीही हसत म्हणालो होतो, "भाई, हे तर काज केल्यागत हाय. उठा आता, लग्नाचा सदरा राहिलाय माझा."

ते उठले. चौथ्या दिवशी सदरा घरपोच आला, मी लग्नाला निघून गेलो. पुढं त्यांना पुन्हा दवाखान्यात हलवलं, पोटात सगळीकडं पू झाला होता. लग्नघर म्हणून मला कुणी कळवलंही नाही.

त्या दिवशी आतल्या खोलीत त्यांची लेक शबाना माझ्यापुढं पाणी ठेवून बसली.

"ताप तर दोन दिवस होता, काका. मी म्हनलं, दवाखान्यात चला. म्हनले, एवढ्याशा जखमेला कण्हलो तर लोक हसतील, कुनाला सांगू नको. पोट लई दुखायचं. पोटाला उशी बांधून शिवून राहिले होते."

काय शिवत होते, ते तिनं सांगितलं नाही. तो सदरा घालूनच मी तिच्यासमोर बसलो होतो.