इस्माईलचाचांची लाल बत्ती

इस्माईलचाचा बोलत नसत, पुकारत. जामखेडच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची सारी नोकरी सरली, आणि निवृत्तीनंतर तो आवाज आमच्या आळीच्या वाट्याला आला. शेजारून, म्हणजे माझ्याकडून, वाटीभर साखर हवी असली तरी अंगणातून गर्जना व्हायची, "वैशालीऽ! साखर सोड!"

मी घरीच पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. रस्त्याकडच्या खोलीला आतून गोधड्या लावून स्टुडिओ केलाय. एकदा कादंबरीतली नायिका शेवटचा श्वास घेत होती, तेवढ्यात चाचांनी दार ढकललं. "पोरी, मटन केलंय, येती का?" नायिकेला पुन्हा मरावं लागलं.

मी दारावर लाल दिवा बसवला, बटण आत ठेवलं. "चाचा, हा लागला की आत यायचं नाही, आवाज करायचा नाही." मला वाटलं, रागावतील. ते तर हरखलेच! "म्हंजे फलाट भरलाय! कळलं!"

तेव्हापासून बत्ती लागली की चाचा पायरीवर येऊन बसत. भंगारवाल्याचा भोंगा, फटफटीचा हॉर्न, सगळं त्यांच्या हाताच्या एका इशाऱ्यावर बंद. जुबेदाचाची हसून म्हणायच्या, "सारी उमर गेली माझी ह्यांला गप करन्यात. ह्या बत्तीला जमलं बघ."

मग चाचांचा आवाज घोगरा होत गेला. घशात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. चाचा ऐकून घरी आले. ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या दुपारी माझ्या दारात उभे राहिले. त्यांची मुलगी शबाना तेव्हा पोटुशी होती.

"तिचं लेकरू माझा आवाज ऐकनार न्हाई," ते म्हणाले. "आज मला आत घे."

मी बत्ती लावली. चाचा माइकसमोर बसले, घसा खाकरला आणि हळू, अगदी हळू बोलू लागले.

"बाळा, मी तुझा नाना. तुझं नाव अजून ठरलं न्हाई, म्हनून बाळाच म्हनतो. तुझी आई पैल्यांदा शाळंत गेली तवा लई रडली. मी तिला स्टँडवर आनली आन माइकवरून तिचंच नाव पुकारलं. शबाना इस्माईल, जामखेडची राणी, शाळंला निघाली हाय! साऱ्या गाड्यांतली मानसं खिडकीतून बघाया लागली. तिचं रडू पळालं..."

एवढ्यात लांबून बँजो ऐकू आला. कुणाचा तरी परण्या निघाला होता, नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या देवळाकडे. चाचांचा घसा पुन्हा साथ देईल याची खात्री नव्हती. बँजो जवळ आला, ताशा कडाडला, गोधड्यांमागची भिंत थरथरली. चाचांनी माझ्याकडे बघितलं. पायरीवर आज कुणी नव्हतं.

आणि एकदम सगळं बंद झालं. घोड्याच्या टापासुद्धा.

चाचा गडबडीनं पुढं बोलले. "तुलाबी तसंच पुकारायचं हुतं. म्हनून आत्ताच पुकारून ठेवतो. कुटंबी निघालास, कवाबी निघालास, तरी ही तुझीच गाडी. बिनधास्त बस." मी बटण बंद केलं.

दार उघडलं तर समोर अख्खा परण्या! घोड्यासमोर हात पसरून जुबेदाचाची उभ्या होत्या. पदर खांद्यावर आलेला, छाती धपापत होती. बँजोवाला बोटं हवेत धरून थांबला होता, करवल्यांनी तोंडावर हात ठेवले होते, आणि नवरदेव घोड्यावरून आमचा विझलेला दिवा बघत होता.

"झालं का ओ तुमचं?" चाचींनी विचारलं.

चाचांनी मान हलवली. मग दोन्ही हात वर करून त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात ते ओरडले, "नवरदेवाची गाडी... जाऊ द्याऽऽ!"

बँजो असा फुटला की काय सांगू! सगळी आळी नाचली. मी नाचले, चाची नाचल्या. चाचा मध्ये उभे राहून रडत होते आणि हसत होते.

ऑपरेशन नीट झालं. चाचा नंतर काही वर्षं जगले, टाळ्या वाजवून सगळ्यांना बोलावत. शबानाला मुलगी झाली. आता ती शाळेत जाते. निघायला कुरकुर केली की शबाना मोबाईल तिच्या कानाला लावते. पोरगी ऐकते, दप्तर उचलते आणि म्हणते, "नाना, निघाले!"