व्याह्यांची डॅनिश

त्या रविवारी व्याह्यांचं तोंड वाकडं झालं, घशातून घरघर निघाली आणि आम्ही सगळे शांतपणे चहा पीत राहिलो. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर अर्धी नंदनवन कॉलनी गोळा झाली असती. पण आमच्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या नागपुरात नाही. ते रोज सकाळी तोंड वाकडं करूनच बसत. त्याला ते डॅनिश म्हणत.

माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा डेन्मार्कला असतात. नात तिथलीच. पोरीला मराठी कळतं, पण तोंडातून एक अक्षर काढत नव्हती. मी म्हटलं, रागवा तिला. तर हे म्हणाले, "लेकराले काहून रागवाचं, विहीणबाई? मीच शिकतो. मरायच्या आधी नातीसंगं पोटभर भांडता आलं पाहिजे मले." सत्तरी उलटलेला माणूस मोबाईलवरच्या मास्तरणीपुढे मांडी घालून बसला. मास्तरीण सांगे, आवाज घशातून काढा. यांना शोध लागला की दाढेखाली तंबाखू-सुपारीचा खर्रा धरला की तो बरोबर निघतो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या विहिणीनं, महत्प्रयासानं सोडवलेला खर्रा असा शिक्षणासाठी परत सुरू झाला. ती म्हणाली, "तुमाले भाषा नाही, बहाणा पाहिजे होता!" एकदा त्यांनी भाजीवाल्याला डॅनिशमध्ये वांगी मागितली. त्यानं गाडी पुढच्या गल्लीत नेली, ती अजून इकडे वळलेली नाही. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा विहिणीला वाटलं, मिरगी आली. तिनं धावत जाऊन त्यांच्या नाकाला चप्पल लावली. "चप्पल काय हुंगवतं वं! अभ्यास करून राहिलो ना मी!" असे भडकले की त्यानंतर त्यांच्या कुठल्याही आवाजाला घरातलं कुणी उठेना.

त्या रविवारीही कुणी उठलं नाही. मोबाईल तांब्याला टेकवलेला, त्यात नात. विहीण म्हणाली, "झाली ह्यायची डॅनिश सुरू." मी चहात बिस्कीट बुडवलं. तेवढ्यात मोबाईलमधून नात किंचाळली, "आजी! हे डॅनिश नाही! आबाले पहा!"

मराठीत. माझं बिस्कीट कपात गळून पडलं. उठून व्याह्यांचा हात उचलला, तर तो ओल्या टॉवेलसारखा खाली आला. शेजाऱ्याच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, लकवा आहे, वेळेत आणलं.

आता खर्रा बंद, मास्तरीणही बंद. जीभ जड झाली आहे, मराठीच धड निघत नाही. दर रविवारी नात त्यांच्याकडून एकेक मराठी शब्द म्हणून घेते, चुकले की मराठीत ओरडते. तेही तिच्यावर ओरडतात. पोटभर भांडण चालतं. मला त्यातलं निम्मं समजत नाही, पण आता त्यांचं तोंड जरा हललं तरी मी हातातला कप खाली ठेवते.

व्याही वाचले.