डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर

माझ्या लेकीला ऑटिझम आहे हे आम्हाला कळलं ते तिची चाळिशी उलटल्यावर. अपंगत्वाचा सरकारी दाखला मिळाला तर माझ्यामागे तिला पेन्शन मिळेल, औषधपाणी होईल, म्हणून तिला जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हिचं लहानपण तुम्हीच पाहिलंय. कशी होती ते नीट सांगा. दाखल्याचं त्यावरच ठरणार."

दारातल्या रांगेत आमच्या गावच्या दोन बायका उभ्या होत्या. मी म्हणाले, "चांगली होती. वेळेवर बोलली, चारचौघींसारखी खेळली."

लेक भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "आये, तसं न्हाय. शाळेत जाईपर्यंत मी बोलत नव्हते. तू मला पडवीतल्या खांबाला बांधून मिठागरावर जायचीस. दोरी निळी होती."

"खरं का आजी?"

मोकळी सोडली असती तर ती खाडीत गेली असती. मी घरी बसले असते तर चूल पेटली नसती. पण ते मला कोणी विचारलंच नव्हतं. मुलगी कशी होती एवढंच विचारलं होतं, आणि गावात माझी नाचक्की होईल म्हणून मी तिचाच दाखला बुडवायला निघाले होते.

"खरं आहे," मी म्हणाले. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, दारातल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात. लेक मधूनमधून माझ्या चुका सुधारत होती.