वरचं बटण

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मुखेडला एकेचाळीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता आणि त्यातलं निम्मं काम गेलेल्या माणसांचंच असायचं. त्यांची कसली भीती? आज वय चौऱ्याहत्तर. एक गोष्ट वर्षभर लपवली, ती इथे स्पष्ट लिहून टाकतो.

घरात कुणी गेलं की लोक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे. त्यातला चेहरा मोठा करून मी रंगवायचो. मागे निळं आभाळ आणि शर्टाचं वरचं बटण लावलेलं... मूळ फोटोत उघडं असलं तरी मी लावायचोच. भिंतीवर कायमचं राहणारं माणूस नीटनेटकं दिसावं, एवढंच.

स्टुडिओ बंद केल्यावर नातीने मोबाइलवर जुन्या वस्तू विकायचा एक ग्रुप दाखवला. कुणी फ्रिज विकतंय, कुणी शिलाई मशीन — आणि मागे चुकून फोटोत आलेली घरची माणसं. कुणी शेंगा फोडतंय, कुणी जांभई देतंय. वस्तू वगळून मी ती माणसं रंगवायला लागलो. कुणालाही न विचारता.

त्यातली एक जाहिरात शिरूर अनंतपाळची होती. कूलर विकायचा होता. मागे बाजेवर एक म्हातारा, शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून निवांत बसलेला. दुपारी चित्र पूर्ण झालं. मागे सरून पाहिलं तर निळं आभाळ आणि वरपर्यंत लावलेली बटणं. हाताची सवय! मला हसूच आलं.

मूळ रंग पाहायला जाहिरात पुन्हा उघडली... फोटोतल्या म्हाताऱ्याची बटणंही लावलेली होती.

चष्मा पुसून पाहिलं. नात म्हणाली, आधीपासून तशीच असतील. पण आयुष्यभर मी कॉलर आणि चेहरेच पाहत आलोय. जाहिरातीखाली नंबर होता. फोन करून बाबा बरे आहेत का विचारावं, असं मनात आलं. लोक वेड्यात काढतील म्हणून केला नाही.

दोन महिन्यांनी लातूरला नातीच्या कॉलेजात माझी चित्रं लावली. एक चाळिशीचा माणूस, बालाजी, त्या चित्रासमोर येऊन थांबला. तिथे शिकणाऱ्या त्याच्या गावच्या पोरीने चित्राचा फोटो पाठवला म्हणून मुद्दाम आला होता.

"काका, हे आमचे अण्णा हायत. पण अण्णा बटण लावतच न्हवते. माझ्या लग्नातबी न्हाई. गुदमरल्यावानी व्हायचं त्यांना."

मग हळूच म्हणाला, "गेले त्या सकाळी मात्र लावलेलं होतं. घरात कुणीच लावलं न्हाई."

कधी गेले, ते विचारलं. मी चित्र पूर्ण केलं त्याच्या दुसऱ्या सकाळी.

जाहिरातीतल्या बटणांचं मी त्याला सांगितलं नाही. त्याने चित्र मागितलं, देऊन टाकलं.

त्यानंतर वर्षभर मी स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण लावलं नाही. शेवटी मागच्या महिन्यात शिरूरला गेलो आणि बालाजीला सगळं सांगितलं — न केलेल्या फोनसकट. अंगावर येईल असं वाटलं होतं. तो भिंतीवरच्या अण्णांकडे बघत राहिला.

"तुम्हीच लावलंय, तर तुम्हीच उघडून द्या. तिथंबी गुदमरत असतील."

तिथेच फ्रेम उतरवून मी दोन्ही बटणं उघडी रंगवली. त्याने हार घातला.

आठ दिवसांत त्याचा फोन आला. "काका, पुन्हा लागलंय."

वाटलं, वरचा रंग उडून खालचा दिसत असेल. जाऊन बघतो तर रंग ओला होता. काजाचा दोरा, बटणाखालची सावली — सगळं माझ्याच हातचं. मी ते पुन्हा उघडलं. गेल्या बुधवारी तिसऱ्यांदा जाऊन आलो.

रंगांतलं मला जेवढं कळतं, त्यात याला उत्तर नाही. दुसऱ्या कशात असेल, तर ते मला सापडलेलं नाही.

काल दुपारी जेवताना मोबाइल वाजला. बालाजीचं नाव होतं. वाजून वाजून बंद झाला.

मी उचलला नाही.